डाळ ताटातली, डाळ अंगावरची

इसब झालेल्या मुलाच्या घरात कातडीच्या आधी बदलतं ते स्वयंपाकघर. मूल सात-आठ महिन्यांचं, गाल लालभडक आणि खरबरीत, रात्री खाजवून कानामागे रक्त निघालेलं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलेलं असतं, पण मलम लावणं हे पाच मिनिटांचं काम. उरलेला दिवस काहीतरी केल्याशिवाय घराला चैन पडत नाही. मग पथ्य सुरू होतं. आधी वांगं जातं, पाठोपाठ आंबट. शेंगदाणे उष्ण म्हणून बंद, हरभरा-वाटाणा वातूळ म्हणून बंद, उडीद जड म्हणून, आणि तूरडाळीनं पित्त होतं म्हणून तीही. बाळ अंगावर पीत असेल तर हीच यादी आईलाही लागू होते. महिन्याभरात ताटात उरतो मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, दुधी आणि थोडं तूप.

मोबाइलवर मात्र नेमकं उलटं वारं वाहत असतं. सोया, वाटाण्याची प्रथिन-पावडर, ओट्सचं दूध: प्राण्यांकडून येणारं सगळं सोडा, वनस्पतींची प्रथिनं घ्या, इसब जाईल. एका बाजूला डाळ विष, दुसऱ्या बाजूला डाळ औषध. दोन्ही पक्ष सारख्याच खात्रीनं बोलतात, म्हणून घरातल्या माणसाला कोणाचं ऐकावं ते कळत नाही.

डाळ, शेंगदाणा, सोयाबीन यांतलं काहीही खाऊन इसब बरा होत नाही. पण इसब असलेल्या मुलाच्या पोटात ही प्रथिनं वेळेवर आणि पुरेशी जातात की नाही, आणि तीच प्रथिनं त्याच्या फुटलेल्या कातडीवर पडतात की नाही, यावर पुढची बरीच दुखणी अवलंबून असतात. आपल्याकडे नेमकी उलटापालट होते. पोटात जायचं ते आपण बंद करतो आणि अंगावर नको ते रोज सकाळी चोळतो.

आधी औषध म्हणून जो दावा केला जातो तो पाहू, कारण तो अगदीच हवेतला नाही. कातडीच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. पेशींचा सांगाडा घट्ट बांधायचं काम ते करतं आणि मग स्वतः मोडून त्याची अमिनो आम्लं होतात. कातडीत ओल धरून ठेवण्यात या आम्लांचा मोठा वाटा. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्यांना इसब होण्याचा धोका पुष्कळ जास्त असतो. जनुक शाबूत असलं तरी इसबातला दाह स्वतःच फिलाग्रिन कमी करतो. आता या प्रथिनात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मग ते पोटातून वाढवून दिलं तर? मँचेस्टरमध्ये हा प्रयोग झाला आणि २०१७ साली छापूनही आला. इसब असलेल्या २४ प्रौढांना रोज ४ ग्रॅम शुद्ध हिस्टिडिन दिलं, आणि चार आठवड्यांत डॉक्टरांच्या मोजमापानुसार इसबाची तीव्रता सुमारे एक तृतीयांश उतरली.

प्रयोग लहान आहे, पण वाचून कोणालाही वाटेल की हिस्टिडिन तर डाळीत असतंच. असतं, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम. म्हणजे त्या प्रयोगाएवढी मात्रा गाठायला रोज अर्ध्या किलोहून जास्त डाळ शिजवून संपवायला हवी. ज्याला हे जमेल त्याला इसबापेक्षा मोठे प्रश्न पडतील. साठ किलोच्या माणसाची हिस्टिडिनची रोजची गरज जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ६०० मिलिग्रॅम आहे, आणि दोन वेळा नीट जेवणाऱ्याची ती सहज भागते. कोरियात-जपानात आंबवलेल्या सोयाबीनचे उंदरांवर प्रयोग झालेत, त्यांतले काही उत्साहवर्धकही आहेत. पण प्रयोगशाळेत मुद्दाम उठवलेला उंदराचा इसब आणि डिसेंबरात नाशिकच्या थंडीत फुटलेलं पोराचं कोपर यांत बरंच अंतर आहे. तान्ह्या मुलांना गाईच्या दुधाऐवजी सोयाचं दूध देऊन ॲलर्जी टाळता येते का, हेही तपासून झालंय. त्यासाठी सोया देण्याची शिफारस करावी असं काही हाती लागलेलं नाही.

मग प्रथिनं तोडली तर काय होतं? इथे मात्र पुरावा जुना आणि भक्कम आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी १९३३ साली आजच्या घानामधून मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांचा आजार नोंदवला आणि १९३५ मध्ये त्याला तिथलंच नाव दिलं, क्वाशिऑरकर. पायांना सूज, केस भुरके, आणि कातडी जुन्या रंगाच्या पोपड्यांसारखी सुटलेली. गरिबीतला, दुष्काळातला आजार म्हणून आपण तो विसरून गेलो. २००१ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात तोच आजार पुन्हा छापून आला, तोही खात्यापित्या घरातल्या २२ महिन्यांच्या मुलाला झालेला. मुलाला इसब होता. दूध सोसत नाही असं घरच्यांना वाटलं आणि त्यांनी ते बंद करून तांदळाचं 'दूध' सुरू केलं, दिवसाला दीड लिटर. पोट भरत होतं, पण प्रथिन नावालाच होतं. इसबासाठी केलेल्या पथ्यातून कातडीचा त्याहून भयंकर आजार उभा राहिला. आपल्याकडचं मुगाच्या डाळीचं वरचं पाणी त्या तांदळाच्या दुधाचंच भावंड आहे. डाळीतलं प्रथिन बहुतांशी खाली बसलेल्या गाळात असतं, वरच्या पाण्यात रंग, मीठ आणि समाधान.

दख्खनच्या ज्वारीपट्ट्याला तर हा धडा घरचाच आहे. १९६० साली हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या पोषणशास्त्रज्ञांनी ज्वारीवर जगणाऱ्यांमध्ये दिसणाऱ्या पेलाग्रा या कातडी सोलवटणाऱ्या आजाराचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला. त्या सिद्धांतावर पुढे वाद झाले. पण नुसत्या भाकरीवर राहणाऱ्याला नायसिन हे ब-जीवनसत्त्व कमी पडतं, आणि मग उन्हाला उघडे पडणारे हातपाय, गळ्याभोवतीचा पट्टा काळा पडून सोलवटतो, हे डोळ्यांना दिसणारं होतं. नवख्याला तो इसबच वाटेल. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्याला नायसिन आपोआप मिळतं. इसब झाला की पथ्याच्या यादीत शेंगदाण्याचा नंबर किती वर असतो ते वर आलंच आहे.

तेव्हा वरण घट्ट हवं. किती घट्ट? तूरडाळीत शंभराला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन, मूग आणि मसूरडाळीत २४, मटकीत २०, शेंगदाण्यात २४, सोयाबीनमध्ये ३५-३६. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांतले हे आकडे. एक वाटी घट्ट वरणाला साधारण २५ ग्रॅम कोरडी डाळ लागते, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिन. तीच वाटी पातळ, आमटीसारखी असली की १० ग्रॅम डाळ आणि जेमतेम दोन ग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज ११-१२ ग्रॅम, मोठ्यांची वजनाच्या दर किलोला सुमारे पाऊण-एक ग्रॅम. दूध चालत असेल तर लहान मुलाचा हिशेब सहज जमतो. दूध खरोखरच बंद करावं लागलं असेल तर मात्र घट्ट वरण दोन वेळा आणि दिवसातून एकदा मोड आलेली मटकी किंवा मूग, हे चुकवून चालत नाही. डाळीत मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, भाकरी-भातात लायसिन हे दुसरं कमी; एकाच दिवसात दोन्ही खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरतं. वरणभाताला वेगळी शिफारस लागत नाही ती यामुळे. मोड आणण्याचा आणखी एक फायदा असा की कडधान्यातलं, खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि जस्त व लोह अंगी लागतं. जस्त कमी पडलं की तोंडाभोवती आणि शी-शूच्या जागेभोवती जो लाल, सोलवटलेला पुरळ येतो तो हमखास इसब समजला जातो आणि त्यावर महिनोन्महिने मलमं लावली जातात.

आता अंगावरची डाळ.

तेल-पाणी करायला येणाऱ्या मावशींचं काम जवळून पाहिलं तर क्रम ठरलेला असतो. आधी तेल. मग वाटीत दोन चमचे डाळीचं पीठ, चिमूटभर हळद, सायीचा गोळा. ते ओलसर मिश्रण आधी पाठीला, हातापायांना, आणि शेवटी गालांना. गालांवर जरा जास्त वेळ, बोटांच्या टोकांनी गोल गोल, लव निघेपर्यंत. काही घरांत कणकेचा गोळा तेलात बुडवून अंगावर फिरवतात, तोही लव काढण्यासाठीच. बाळ रडतं, गाल तांबूस होतात, आणि 'तुकतुकीत झाला बघा' म्हणत मावशी कढत पाणी घालतात. तान्ह्या बाळाचा इसब बहुतेकदा पहिल्यांदा कुठे दिसतो? गालांवर. तिथली मुळातच कमजोर कातडी घासून आणखी फोडायची आणि त्या फटींतून हरभरा, गहू, दूध या तिघांचीही प्रथिनं चोळून आत घालायची, असा हा रोजचा कार्यक्रम आहे.

यात काय बिघडतं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उलगडलं. आपल्या प्रतिकारशक्तीला कुठलंही नवं अन्न दोन वाटांनी भेटू शकतं. आतड्यातून भेटलं तर ती बहुधा त्याला आपलं मानते. दाह असलेल्या, फुटलेल्या कातडीतून भेटलं तर शत्रू मानते आणि त्याविरुद्ध आयजीई जातीच्या प्रतिपिंडांची फौज तयार ठेवते. पुढे तेच अन्न तोंडात गेलं की गांधी, उलटी, श्वास लागणं. लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांनी २००३ साली ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे १४ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या. शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या मुलांपैकी बहुतेकांना तान्हेपणी पुरळावर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेली होती. जपानमध्ये तर याचा मोठ्या माणसांवर नकळत प्रयोगच झाला. गव्हाचं विरघळवलेलं प्रथिन घातलेला एक चेहरा धुण्याचा साबण तिथे फार खपला. तो रोज वापरणाऱ्या, आयुष्यभर बिनतक्रार पाव-नूडल्स खाल्लेल्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली आणि २०११ मध्ये साबण बाजारातून परत घ्यावा लागला. फ्रान्समध्ये इसब असलेल्या ३०२ मुलांची तपासणी झाली तेव्हा जवळजवळ पाचातल्या एकाची कातडी ओट्सच्या सुई-चाचणीला, म्हणजे अन्नाचा थेंब ठेवून सुईनं हलकं टोचण्याला, प्रतिसाद देत होती. तिथे इसबावर ओट्स घातलेली मलमं सर्रास वापरात होती, आणि अभ्यासकांनी बोट नेमकं त्यांच्याकडे दाखवलं.

हरभऱ्याचं किंवा मसुराचं प्रथिन काही वेगळ्या जातीचं नाही. हरभऱ्याच्या ॲलर्जीचे रुग्ण भारतात नोंदलेले आहेत, आणि स्पेनमधल्या मुलांत मसुराची ॲलर्जी नेहमीची आहे. म्हणून इसब असलेल्या किंवा नुसत्या कोरड्या, खरबरीत कातडीच्या बाळाला डाळीचं पीठ, कणीक, साय, बदाम उगाळून लावणं बंद. दिवाळीचं उटणंसुद्धा, कारण त्यात मसूरपीठ असतं. धडधाकट कातडीच्या मोठ्या माणसानं वर्षातून एकदा उटणं लावलं तर काही बिघडत नाही, तिथे परंपरेशी भांडायचं कारण नाही. तेलाबाबत एक बारकावा आहे. हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाचं कौतुक फार. खायला ते छानच. पण घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनाचे अंश राहतात, रिफाइन्डमध्ये जवळजवळ राहत नाहीत. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही तेलं देऊन पाहिली, तर रिफाइन्डनं कोणालाच त्रास झाला नाही, कच्च्या तेलानं सहा जणांना झाला. बाळाच्या अंगाला शेंगदाणा किंवा तीळ यांचं घाण्याचं तेल नको. तेलच लावायचं असेल तर खोबरेल. इसब असलेल्या मुलांवर फिलिपीन्समध्ये झालेल्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत, आणि अंग टिपल्यावर ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. लहान मुलाला आठवड्याला २०० ते २५० ग्रॅम लागतं. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते असं कोणी सांगितलं की समजावं, ती लावलीच जात नाहीये.

ताटाकडे परत येऊ. १९९८ साली ब्रिटननं आणि २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ॲलर्जीप्रवण घरांना सल्ला दिला होता की मूल तीन वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ॲलर्जी काही कमी झाली नाही, आणि २००८-०९ च्या सुमारास हे सल्ले मागे घेतले गेले. लॅक आणि सहकाऱ्यांना वेगळंच दिसलं होतं. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट होती, आणि इस्राएलमध्ये रांगणारी पोरंसुद्धा शेंगदाण्याचे कुरमुऱ्यासारखे पफ खातात. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना नियमित शेंगदाणा, निम्म्यांना पूर्ण बंद. पाचव्या वर्षी बंद ठेवलेल्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरचे सल्ले उलटे फिरले. हीच मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तरी फरक टिकून होता. मात्र शेंगदाणा खाल्ल्यानं त्यांचा इसब कमी झाला नव्हता. जे टळलं ते इसबाच्या मागून येणारं दुखणं. त्यालाच इसब बरा होणं समजून जाहिराती लिहिल्या जातात.

लंडनला, न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी घरांत याचा गोंधळ दुहेरी असतो. डब्यात कूट घातलेली भाजी द्यायची नाही अशी शाळेची ताकीद, आणि घरी आजीनं पाठवलेली चटणी. घरच्या बाळाला शाळेचा नियम लावायची गरज नाही.

लॅक यांच्या ६४० बाळांच्या त्या चाचणीत आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन तीन किंवा जास्त वेळांत विभागून दिलं होतं. आपल्या भाषेत आठवड्याला २५ ग्रॅम शेंगदाणे, एका वेळेला आठ ग्रॅम, म्हणजे बारीक कुटाचे साधारण तीन सपाट छोटे चमचे. दाणे मंद आचेवर भाजायचे, साल पाखडायची, काळपट, सुरकुतलेला, कडवट एकही दाणा ठेवायचा नाही, कारण बुरशीचं विष अशाच दाण्यांत असतं. मिक्सरमध्ये कूट झाल्यावर न थांबता, तेल सुटून लगदा होईपर्यंत फिरवायचं. भाजीसाठी करतो तसं भरड कूट बाळाला नको. कोरडे कण श्वासनलिकेत जातात. घट्ट लगद्याचा गोळाही घशाला चिकटतो. म्हणून तो कोमट पाण्यात कालवून ताकासारखा पातळ करायचा आणि मऊ भातात किंवा नाचणीच्या खिमटीत मिसळायचा. गूळ-साखर लागत नाही. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत हाती द्यायचा नाही.

सुरुवात उष्टावणानंतर, भात-नाचणी सोसतेय हे पाहून, सहा महिन्यांच्या सुमारास. इसब तीव्र असेल, म्हणजे अंगभर असेल, मलमाशिवाय राहतच नसेल, किंवा अंड्यानं कधी त्रास झाला असेल, तर घरी प्रयोग करायचा नाही. आधी डॉक्टरांकडून शेंगदाण्याची सुई-चाचणी. ६४० बाळांच्या त्या अभ्यासातही सुई टोचल्यावर चार मिलिमीटरहून मोठा फोड उठलेल्या मुलांना घेतलेलं नव्हतं. इसब सौम्य असेल तर घरीच, पण मूल सर्दी-तापानं आजारी नसताना, सकाळी, आणि पुढचे दोन तास मोठं माणूस जवळ असेल तेव्हा. जेवणाआधी ओठांभोवती व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे सांडलेलं अन्न फुटलेल्या कातडीला लागत नाही आणि नुसत्या चुरचुरण्यानं आलेली लाली ॲलर्जी समजून घबराट होत नाही. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर येईल तेवढंच. दहा मिनिटं थांबायचं. काही नाही झालं तर उरलेलं हळूहळू. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी, खोकला, घरघर, किंवा मूल एकदम मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना. काही झालं नाही तर पुढे सातत्य. सणासुदीला एकदा लाडवाचा तुकडा देऊन भागत नाही, आठवड्यातून तीनदा म्हणजे तीनदा.

रक्ताच्या चाचण्यांबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. शंभर-दीडशे पदार्थांची यादी छापून देणारे रिपोर्ट आता तालुक्याच्या गावीही मिळतात. तूर लाल, हरभरा लाल, तांदूळ पिवळा, वांगं लाल. इसब असलेल्याच्या रक्तात आयजीई मुळातच चढलेलं असतं. शिवाय वनस्पतींच्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेच्या साखळ्यांवर काही प्रतिपिंडं नुसतीच बसतात आणि चाचणी लाल दाखवते, खाल्ल्यावर मात्र काही होत नाही. कर्नाटकात झालेल्या मोठ्या पाहणीत २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. खरोखर ॲलर्जी असावी असे निघाले १.२ टक्के. आयजीजी या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या तर त्याहून निरुपयोगी. तुम्ही काय खाता एवढंच त्या सांगतात.

अशा यादीवरून डाळी बंद केल्यानं निव्वळ वेळ आणि पैसा गेला असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण मूल जे अन्न बिनतक्रार खात होतं तेच बंद करून ठेवलं की पोटानं मिळवलेली ओळख पुसली जाऊ शकते. अन्नानं इसब वाढतो असं निदान झालेल्या २९८ अमेरिकन मुलांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी कधीही तत्काळ प्रतिक्रिया आलेली नव्हती, अशांपैकी १९ टक्के मुलांना पदार्थ बंद केल्यानंतर ती आली, आणि त्यातल्या काही प्रतिक्रिया जिवावर बेतणाऱ्या होत्या. त्या बदल्यात फायदा किती? पथ्य करून पाहिलेले दहा अभ्यास आणि त्यांतले ५९९ रुग्ण एकत्र करून २०२२ मध्ये हिशेब मांडला गेला. पथ्य न करणाऱ्यांत शंभरातल्या ४१ जणांना लक्षात येण्याजोगी सुधारणा झाली, पथ्य करणाऱ्यांत ५० जणांना. पथ्य न करता सुधारलेले ते ४१ फार बोलके आहेत. इसब आपला आपण चढतो-उतरतो. देशावर थंडी-कोरड्या हवेत भडकतो, कोकणात मे महिन्याच्या घामात. जानेवारीत जे बंद कराल त्यानं मार्चपर्यंत गुण येणारच.

तरीही एखाद्या पदार्थाचा खरा संशय असेल, म्हणजे खाल्ल्यावर दोन तासांत गांधी उठतात किंवा दरवेळी दुसऱ्या दिवशी इसब भडकतो, तर डॉक्टरांना सांगून एकच पदार्थ बंद करावा, तोही दोन ते चार आठवडेच. त्या काळात मलम, साबण, तेल काहीही बदलायचं नाही, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही. दर रविवारी सात प्रश्नांची नोंद ठेवायची: गेल्या आठवड्यात खाज किती दिवस, झोपमोड किती रात्री, रक्त, लस झिरपणं, भेगा, पोपडे, कोरडेपणा किती दिवस. नॉटिंगहॅमच्या तज्ज्ञांनी बनवलेली हीच मोजपट्टी दवाखान्यांतही वापरतात. मग पदार्थ पुन्हा सुरू करायचा. ही पायरी बहुतेक घरं गाळतात, कारण बरं वाटत असताना कोण धोका घेणार? पण पुन्हा दिल्यावर इसब उलटला नाही तर तो पदार्थ निर्दोष आहे आणि त्याची जागा ताटात आहे. ज्या पदार्थानं आधी तत्काळ प्रतिक्रिया आली होती तो मात्र घरी पुन्हा देऊन पाहायचा नाही.

शिजवण्याबद्दल थोडंसं. डाळ-कडधान्य कुकरमध्ये नीट शिजलेलं हवं. दाबाखालच्या उष्णतेनं मसूर-हरभऱ्यातली काही ॲलर्जीकारक प्रथिनं मवाळ होतात, सगळी नाहीत. राजमा पाच तास भिजवून, ते पाणी ओतून, खळखळून उकळलेला. प्रथिनांच्या पावडरी मुलांना नकोतच. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला वाटाण्याच्या गाळीव प्रथिनानं त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि चमचाभर पावडरीत वाटीभर उसळीएवढं प्रथिन एकदम जातं.

राहता राहिले घरच्यांचे हात. कूट करताना, बेसन चाळताना बारीक धूळ उडते. घरातल्या धुळीत शेंगदाण्याचं प्रथिन जितकं जास्त तितकी इसब असलेल्या बाळाला त्याची ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त, हे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दिसलंय. म्हणून मिक्सर आणि चाळणी बाळाच्या अंथरुणापासून लांब. आणि कूट केल्यावर लगेच बाळाला मलम लावायला बसायचं असेल तर हात नुसते पाण्याखाली धरून भागत नाही, सॅनिटायझरनंही प्रथिन निघत नाही. साबण लावूनच धुवायचे. मॉइश्चरायझरच्या डबीत बोटं बुडवायची नाहीत, स्वच्छ चमच्यानं लागेल तेवढं बशीत काढून घ्यायचं आणि डबी बंद करायची.